विश्वाच्या फिटिंगचा माणूस

बाळाराम सुरोशे यांना कुठूनही पाहिलं तरी ते मध्यमच दिसतात. उंची मध्यम, रंग मध्यम, आवाज मध्यम. चालही अशी, की पुढच्याला गाठायचं नाही आणि मागच्याला अडवायचं नाही. एका लग्नात त्यांच्या आतेभावाने त्यांच्याच शेजारी बसून, "आपला बाळा कुठं दिसत नाय तो?" अशी त्यांच्याकडेच चौकशी केली होती. सुरोशेंनी मान उंचावून मांडवभर नजर फिरवली आणि म्हणाले, "इथंच असंल. आत्ता होता."

एरवी अशा माणसावर कुणी चार ओळी लिहिल्या नसत्या. पण सुरोशेंनी या मध्यमपणावर वीसेक वर्षं पगार घेतला आहे. उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, जीन्सच्या कारखान्यात ते फिटिंगचा माणूस होते. ते कापत नसत, शिवत नसत, बटणं ठोकत नसत. ते फक्त घालत. पँटींचा मोठा लॉट काढण्याआधी मास्टर एक सॅम्पल शिवतो आणि जिवंत माणसाच्या अंगावर चढवून बघतो. तो माणूस असा लागतो, की त्याला जे बसलं ते बाजारातल्या बहुतेकांना बसावं. सुरोशेंची कंबर बत्तीस. सॅम्पल चढवायचं, चार उठाबशा काढायच्या, जिना चढून उतरायचं, मांडी घालून बसायचं आणि मग सांगायचं, "मास्टर, मांडीत आवळते." नाहीतर, "गुडघ्याला ढिली." नाहीतर, "बसल्यावर पाठीमागनं हवा येते." एवढ्या एका वाक्यावर कुठकुठल्या गावांतल्या कंबरांचं भवितव्य ठरत असे. तुमची एखादी जीन्स कधीकाळी दुकानातच बिनतक्रार बसली असेल, तर सुरोशेंना मनातल्या मनात नमस्कार करायला हरकत नाही.

ही नोकरी ऐकायला सोपी वाटते. पण आगरी घरात जन्मलेल्या माणसाने लग्नसराई ओलांडून बत्तीसची कंबर बत्तीस ठेवणं म्हणजे तप आहे. हळदीला मटण, वऱ्हाड परतलं की मटण, आणि मटण कमी पडलं असं कुणी म्हणू नये म्हणून पुन्हा मटण. सुरोशे पहिल्या वाढपानंतर पानावर हात आडवा धरून बसत. वाढणारे चिडत.

"काय रं बाळा, डाक्टरनं सांगलाय का?"

"डाक्टरनं नाय. मास्टरनं."

एवढं करून पन्नाशीत कंबर चौतीसवर गेलीच. मास्टरने टेप लावली, काढली, पुन्हा लावली आणि गुंडाळून खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी नवा माणूस आला. घरी बसायला सुरोशेंची ना नव्हती. थोडी जमीन बिल्डरला गेली होती, चूल पेटती होती. त्यांना टोचलं ते वेगळंच. माणसं म्हातारी झाली म्हणून घरी जातात, आजारी पडली म्हणून जातात. आपल्याला काढलं ते आपण मोठे झालो म्हणून! हे दुःख नात्यात सांगायचीही सोय नव्हती.

आता दुसरी बाजू.

अंबरनाथ पूर्वेला आमच्या इमारतीत मालिनी सावर्डेकर राहतात. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या. निवृत्तीनंतर काही लोक गुडघे बदलतात, काही लोक पुस्तक लिहितात. मालिनीबाईंनी विश्वावर पुस्तक लिहायला घेतलं. विश्व कसं जन्मलं, कसं पसरतंय, पुढे त्याचं काय होणार, हे सगळं सामान्य वाचकाला कळेल अशा भाषेत. मराठीत विश्वावरची पुस्तकं पुष्कळ आहेत आणि त्यांच्या प्रस्तावनेत हा सामान्य वाचक हमखास भेटतो. प्रस्तावनेच्या पलीकडे तो कुणाला भेटल्याचं ऐकिवात नाही.

मालिनीबाई हस्तलिखित घेऊन उल्हासनगरला हरेशभाईंच्या छापखान्यात गेल्या. हरेशभाई लग्नपत्रिका छापतात, मिठाईचे खोके छापतात आणि निवडणुका आल्या की सर्व पक्षांचा विजय आगाऊ छापून ठेवतात. त्यांनी हस्तलिखिताचा कागद कापड पारखावं तसा अंगठ्यात चोळला.

"मॅडम, किसके लिए है?"

"सामान्य वाचकासाठी."

"अच्छा. नाम क्या है उसका?"

मालिनीबाईंनी हस्तलिखित परत हातात घेतलं. इतकी वर्षं शिकवलं, पण हा प्रश्न त्यांना परीक्षेतही कुणी विचारला नव्हता.

"साईं, हमारे यहाँ जीन्सपण ट्रायलशिवाय निकलती नहीं," हरेशभाई म्हणाले, "आणि तुम्ही तर पूरा ब्रह्मांड काढताय. पहिले एका ऑर्डिनरी माणसाला घालून बघा. लॉट नंतर."

बाईंना ते पटलं. त्या ऑर्डिनरी माणूस शोधायला लागल्या आणि तिथून खरी अडचण सुरू झाली. इमारतीच्या अध्यक्षांना विचारलं, तर ते दुखावले. "सामान्य? मॅडम, माझ्या सहीशिवाय इथे पाण्याची टाकी धुतली जात नाही." दुसऱ्या मजल्यावरची नेत्रा म्हणाली, "काकू, मला फॉलो करणारे लोक आहेत." भाजीवाल्या कौसाबाईंनी तर कोथिंबीर देता देता हात मागे घेतला. "सामान्य कोण? माझा भाचा नगरपालिकेत हाय!" उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर मिळून माणसं लाखांनी असतील, सामान्य त्यांत एकही नाही. आमच्याकडे रिक्षासुद्धा कुणाच्या ना कुणाच्या आशीर्वादाने चालते आणि तसं मागच्या काचेवर लिहिलेलं असतं.

शेवटी हरेशभाईच म्हणाले, "एक आदमी है. साडूच्या जीन्स कारखान्यात फिटिंगला होता. अब कमर गई, पण बाकी सगळं अजून ॲव्हरेज है."

सुरोशे बदलापूरहून आले. बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि चाचरत विचारलं, "राग मानू नका, पण तुम्ही स्वतःला सामान्य समजता का?"

सुरोशे ताठ बसले. "वीस वर्षांचा अनुभव हाय, म्याडम."

"शिक्षण?"

"दहावी."

"गुण किती पडले होते?"

"मध्यम."

बाईंना त्यांच्यात सामान्य वाचकाचा साक्षात्कार झाला. काम ठरलं. दर आठवड्याला एक अध्याय न्यायचा, वाचायचा आणि कुठे बसत नाही ते सांगायचं. त्या बदल्यात बाईंनी एक कबूल केलं. पुस्तकाच्या सुरुवातीला एक ओळ असेल: या पुस्तकाचे पहिले सामान्य वाचक, श्री. बाळाराम सुरोशे. वेगळी ओळ. एकट्याची.

हे सुरोशेंच्या काळजाला भिडलं. त्यांचं नाव आजवर छापून आलं ते फक्त पत्रिकांवर, तेही 'समस्त सुरोशे परिवार' या तीन शब्दांत विरघळून. आमच्याकडे पत्रिकेवर नाव राहिलं म्हणून भाऊ भावाशी बोलेनासा होतो. एकट्याची ओळ ही तर नवरदेवालाही मिळत नाही. त्याच्या नावाखाली लगेच 'कै. अमुकतमुक यांचा नातू' येतं. घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं. द्रौपदीवहिनी भाकऱ्या थापत होत्या. त्या म्हणाल्या, "ह्याच्यातबी माप घेतात का?" सुरोशे म्हणाले, "डोक्याचं."

पहिला अध्याय वाचून ते आले ते जीन्सचीच भाषा घेऊन. "म्याडम, पहिलं पान झकास बसलं. दुसऱ्या पानावर मांडीत आवळतं. आणि शेवटाला एवढं ढिलं सोडलंय की आत वारा शिरतो." मालिनीबाईंना आजवर विद्वानांनी अभिप्राय दिले होते, 'आटोपशीर', 'प्रवाही' वगैरे. पण कुठे आवळतं हे बोट ठेवून कुणी सांगितलं नव्हतं. त्या हरखल्या. लेखकाला हवा असतो तसा वाचक त्यांना मिळाला होता, आणि सुरोशेंना गेलेली नोकरी परत मिळाली होती.

गुरुत्वाकर्षणाच्या अध्यायात बाईंनी जगभर देतात तो दाखला दिला होता: ताणलेलं रबरी कापड, त्यावर लोखंडी गोळा. सुरोशे म्हणाले, "रबरी कापड कोणाच्या घरात असतं, म्याडम? गोधडी लिवा. आणि गोळा कशाला, कलिंगड ठेवा." बाईंनी गोधडी अंथरली, कलिंगड ठेवलं. सुरोशेंनी पुढचं विचारलं, "ही गोधडी धरली कोणी?" बाई म्हणाल्या, "समजा चौघांनी धरली." "चौघं कोण?" त्या दिवशी बाईंना डॉक्टरकडे जायचं होतं. त्या म्हणाल्या, "ते पुढे बघू." सुरोशेंनी मान डोलावली. पुढे बघू म्हणजे शोध चालू आहे, हे त्यांनी लक्षात ठेवलं.

विश्वाच्या पसरण्याला बाईंनी मनुका घातलेला पाव योजला होता. भट्टीत पाव फुगतो, तशा मनुका एकमेकींपासून लांब जातात. असा पाव बदलापुरात कुणी खाल्ला नव्हता. त्याच्या जागी तांदळाची भाकरी आली. भाकरी तव्यावर टम्म फुगते, तसे तिच्यावरचे डाग एकमेकांपासून लांब सरकतात. तो एकेक डाग म्हणजे एकेक दीर्घिका. हे वाचल्यावर सुरोशेंना एक जुनी शंका फेडून घ्यावीशी वाटली.

"म्याडम, सगळंच पसरतंय म्हणता. मग माझी कंबरपण त्याच्यातच धरायची ना?"

"नाही, सुरोशे. ती तुम्ही पसरवलीत."

पण ज्या अध्यायाने त्यांना पार जिंकलं तो पाचवा. आपण विश्वात कुठेच खास नाही, असं त्यात होतं. आपली पृथ्वी मध्ये नाही, सूर्य मध्ये नाही, आपली आकाशगंगाही चारचौघींसारखी. जो तो अध्याय वाचेल तो थोडा खट्टू होईल असं बाईंना वाटत होतं. सुरोशेंनी तो दोनदा वाचला आणि डोळे पुसले. जन्मभर ज्याला लोक 'कुठं दिसत नाय' म्हणत आले, त्याला थेट विश्वाचंच प्रमाणपत्र मिळालं होतं. "सगळंच मध्यम हाय, म्याडम," ते म्हणाले, "एवढं सारं मोठं, आणि सगळं आमच्यासारखं!"

आणि इथेच घोळ झाला. कारण आनंद झालेला माणूस गप्प बसत नाही.

मुलीचा, करिष्माचा, साखरपुडा ठरला होता. तिच्यासाठी सोनं घ्यायला नवराबायको उल्हासनगरला गेले. सराफाने हार पुढे ठेवला तशी सुरोशेंना चौथा अध्याय आठवला. "हे सोनं इथलं नाय," ते सराफाला म्हणाले, "दोन मेलेले तारे एकमेकांवर आपटतात ना, त्याच्यातनं होतं."

द्रौपदीवहिनींनी हार खाली ठेवला. "मेलेल्यांचा सोना? पोरीच्या साखरपुड्याला?"

सराफ हादरला. "भाभी, भाभी! हे तसलं नाही. हे आपलं दुबईचं आहे!"

दुबईचं म्हटल्यावर वहिनी निवळल्या आणि हार घेतला. पण तो सराफ हरेशभाईंचा शेजारी. संध्याकाळच्या आत हरेशभाईंचा फोन आला. "साईं, ऐकलं की तुम्हाला फार समजायला लागलंय. ऐसा नहीं चलेगा. ऑर्डिनरी माणूस ऑर्डिनरी पाहिजे. समजायला लागलं तर माणूस बदलावा लागेल."

 ही वेळ सुरोशेंवर एकदा येऊन गेली होती. पहिल्या खेपेला कंबर हातात नव्हती. या वेळी निदान डोकं तरी हातात होतं. त्यांनी ठरवलं, डोकं वाढलं तरी दाखवायचं नाही. मटणापुढे आडवा धरत तसा आता त्यांनी ज्ञानापुढे हात आडवा धरला.

पुढच्या आठवड्यापासून त्यांना सगळंच आवळायला लागलं. "म्याडम, इथं अडकतंय." कुठे? "ह्या आकड्यात." बाईंनी आकडा काढला. "इथं 'उदाहरणार्थ' आलं की धस्स होतं." बाईंनी उदाहरणार्थ काढलं. कृष्णविवराचं वर्णन जड वाटलं, तिथे खाडीचा चिखल आला. आत गेलेला पाय बाहेर निघत नाही. विश्वात न दिसणारं पण सगळ्याला धरून ठेवणारं काहीतरी आहे, हा सातवा अध्याय तर बाईंनी चारदा लिहिला. शेवटी त्यात रश्श्यातलं मीठ तेवढं राहिलं, दिसत नाही पण असतं. बाई थकल्या, पण खूष होत्या. आपलं पुस्तक दिवसेंदिवस सोपं होतंय असं त्यांना वाटत होतं. ते सुरोशेंच्या अंगाला इतकं चापूनचोपून बसत गेलं की आत विज्ञानाला हलायला जागा राहिली नाही, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

साखरपुड्याचा दिवस उजाडला. बदलापूरचा हॉल भरला. मालिनीबाई पहिल्या रांगेत, शेजारी हरेशभाई. द्रौपदीवहिनींनी नवऱ्याला निक्षून सांगितलं होतं, "अवो, आज ते तारेबिरे काढू नका. पोरीचा दिवस हाय." सुरोशे म्हणाले होते, "येडी का काय? छापखानेवाला समोर बसलाय. मी तोंडच उघडत नाय."

आणि त्यांनी उघडलंही नसतं. पण नवऱ्याकडची मंडळी काटईच्या रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकली. आता मांडवात माईक आणि रिकामा वेळ एकत्र आले की आमच्याकडे सत्कार होतो. आजी सरपंच, माजी सरपंच, भावी नगरसेवक, भावी नगरसेवकांचे मार्गदर्शक, सगळ्यांना शाल-श्रीफळ झालं. शाली संपल्या तरी पाहुणे काटईलाच होते. तेव्हा माईक मुलीच्या मामाकडे, शिवराममामांकडे, आला.

शिवराममामा खाडीकाठच्या गावचे, आवाज भरतीच्या पाण्यासारखा. "मंडली! आमचे दाजी हल्ली लय मोठीमोठी बुका वाचतात. त्या बुकात शास्त्रज्ञांनी काय सांगलाय म्हायती हाय? अख्ख्या विश्वाच्या बरोब्बर मधोमध कंचा गाव हाय? आपला बदलापूर!"

टाळ्या पडल्या. शिट्ट्या पडल्या. सुरोशेंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. सोनं मेलेल्यांचं म्हटलं असतं, पृथ्वी सपाट म्हटली असती, तरी ते बसून राहिले असते. पण हा पाचवा अध्याय होता. त्यांचा स्वतःचा. ते उठले, तेव्हा द्रौपदीवहिनींनी सदरा मागून धरला होता. तो हातातून निसटला.

"शिवरामभाऊ बोलले ते चूक हाय," माईकवर मध्यम आवाज आला आणि हॉल गप्प झाला. "मध्य असा नायच. विश्व म्हंजे भाकरी. तव्यावर फुगताना बघितलीव ना? तिच्यावरले डाग लांब लांब जातात. आता सांगा, त्यातला मधला डाग कंचा?"

हॉल विचारात पडला. मालिनीबाईंचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत एवढ्या लोकांना एकदम विचारात पडलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

मागून म्हाताऱ्या बनूबाईंनी विचारलं, "भाकरी भाजतंय कोन?"

तिथेच थांबले असते तर बरं. पण माईकचं आणि चिखलाचं एकच. पाय गेला की गेला. "सांगतो," सुरोशे म्हणाले. "ही भाकरी ठेवलीय गोधडीवर. गोधडी चौघांनी धरलीय. ते चौघं कोण, त्याचा शास्त्रज्ञ शोध घेतायत. गोधडीवर हाय एक कलिंगड. त्याच्या वजनानं झोळ पडतो आणि आपण सगळे त्याच्याकडं घरंगळतो. पाय घसरला की लोक बोलतात नशीब. नशीब नाय, कलिंगड! गोधडीच्या कडेला हाय खाडी. तिच्या चिखलात उजेडपण रुततो."

मालिनीबाईंनी पदराने तोंड झाकलं.

"आणि आता मेन गोष्ट. आपल्याला दिसतंय ते विश्व थोडं. बाकीचं काय हाय? मीठ!"

"मीठ?" हॉलने विचारलं.

"मीठ. दिसत नाय, पण सगळ्याला धरून तेच हाय. मीठ नसतं तर भाकरी, गोधडी, कलिंगड, सगळं कवाच पांगलं असतं. आणि मला एक सांगा, मीठ पिकवलं कोणी? मिठाच्या आगरात राबलं कोण?"

पुढचं ऐकू आलं नाही. हॉल उभा राहिला होता. बेंजोवाल्यांनी न सांगता बेंजो सुरू केला. शिवराममामांनी भावी नगरसेवकाच्या अंगावरची शाल काढून सुरोशेंच्या खांद्यावर टाकली. आपण विश्वात कुठेच खास नाही हे सांगायला उठलेला माणूस पाचेक मिनिटांत अख्ख्या विश्वाचा सातबारा आगरी समाजाच्या नावावर करून खाली उतरला.

खाली उतरल्यावर त्यांची नजर मालिनीबाईंकडे गेली आणि चेहरा पडला.

"गेलो ना मी, म्याडम? मोठा झालो."

बाईंनी पदर बाजूला केला. "सुरोशे, ते मीठ तुम्ही खरंच..."

"तुम्हीच लिवलंय. सातवा अध्याय."

"ते उदाहरण होतं हो!"

"हां, आधी 'उदाहरणार्थ' होतं. मी बोल्लो आवळतं, तर तुम्ही काढलंत." ते थांबले. शालीचं टोक चाळवत म्हणाले, "म्याडम, एक सांगू का? आवळत नव्हतं. तिथं काय, पुढंपण कुठं आवळत नव्हतं. मी उगाच बोल्लो."

"का?"

"तुम्ही मला काढाल म्हणून. सगळं समजायला लागलं होतं ना."

 हसावं की रडावं हे मालिनीबाईंना ठरवता येईना. बहुधा दोन्ही थोडं थोडं झालं. "सुरोशे," त्या म्हणाल्या, "तुम्हाला काहीसुद्धा समजलेलं नाही. तुम्ही अगदी जसेच्या तसे आहात."

"खरं?" सुरोशेंच्या अंगात जीव आला. "शपथ घ्या!"

"शपथ. पार पहिल्या दिवशी होतात तसे."

एवढ्यात हरेशभाई घुसले. खुषीत होते. "मॅडम, कमाल केली माणसाने! शिवराममामांना लग्नात वाटायला कॉप्या पाहिजेत. समोरचे नेते पण मागतात. सोमवारी मशीनवर चढवतो. नाव बदलून टाकू, वर मिठाचा फोटो टाकू."

"लॉट थांबवा, हरेशभाई. माणूस बरोबर आहे. माल चुकलाय."

"अरे, चूक-बरोबर कौन देखता है? सबको समझ में आ गया!"

"तेच तर म्हणते मी."

हरेशभाईंनी सुरोशेंना बाजूला ओढलं. "साईं, तुम बोलो मॅडमला. तुमचं ऐकतील. आत कशाला, मी तुमचं नाव कव्हरवर छापतो. मोठ्या अक्षरात."

सुरोशेंनी एकदा हॉलकडे पाहिलं. लोक अजून त्यांच्याकडे बोट दाखवून एकमेकांना काही सांगत होते. जन्मात पहिल्यांदा ते कुणालाही शोधावे न लागता दिसत होते. कव्हरवरचं आपलं नाव त्यांनी डोळ्यांसमोर आणलं असावं, कारण त्यांची मान आपोआप ताठ झाली.

मग त्यांनी शाल काढून घडी केली. "हरेशभाई, वीस वर्षांत न बसलेली पँट बसली म्हणून मी सांगितली नाय. आणि ही तर," त्यांनी मालिनीबाईंकडे पाहिलं, "ही तर म्याडमनी हातानं शिवलेली हाय."

बाहेर फटाके वाजले. काटईचे पाहुणे एकदाचे पोचले होते. द्रौपदीवहिनी धावत आल्या, नवऱ्याच्या हातातली शाल हिसकून घेत म्हणाल्या, "विश्व ऱ्हाऊ द्या! व्याही दारात उभे हायेत!" आणि साखरपुडा पार पडला. जेवणाच्या वेळी रश्श्यात मीठ कमी आहे असं कुणीसं म्हणालं, तेव्हा अख्खी पंगत सुरोशेंकडे वळून हसली.

पुस्तक अजून निघालेलं नाही. हरेशभाई रागावलेत. बदलापुरात मिठाचा सिद्धांत मात्र पक्का झालाय. शिवराममामांनी तो खाडीकाठी बराच पुढे नेला, असं ऐकतो.

सुरोशे पूर्वीसारखेच दर आठवड्याला येतात. मालिनीबाईंनी पुन्हा पहिल्या पानापासून लिहायला घेतलंय. परवा मी जिना चढत होतो. बाईंचं दार उघडं होतं आणि त्या नवं पान मोठ्याने वाचून दाखवत होत्या. वाचून संपलं. आतून सुरोशेंचा आवाज आला.

"म्याडम, रागावणार नाय ना?"

"सांगा."

"कायपण कळला नाय."

"कुठपासून?"

"तुम्ही चश्मा लावलात ना, तिथपासून."

"छान!" बाईंच्या आवाजात केवढा आनंद होता. "बसा, चहा टाकते. आज पहिली ओळ नीट झाली तरी पुष्कळ झालं."